पत्ता शेवटून वाचावा

टपालखातं पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचतं. आपण लिहितो वरून खाली: आधी रा. रा. अमुक, मग घराचं नाव, मग 'मारुतीच्या देवळामागे', मग मु. पो., ता., जि. आणि तळाला पिनकोड. लिहिणाऱ्याला माणूस महत्त्वाचा, म्हणून माणूस सर्वांत वर. टपालखात्याला त्या माणसाशी काही देणंघेणं नसतं. त्याला आधी जिल्हा हवा. पाकीट सांगलीच्या थैलीत टाकायचं की सोलापूरच्या, एवढं कळलं की छाटणी करणाऱ्याचं काम संपलं. गावात मारुती किती आणि त्यातला हा कुठला, हे ज्या पोस्टमनला ठाऊक असतं त्याच्या हाती पाकीट पडेपर्यंत मारुतीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

इंटरनेटवरचे पत्तेही असेच आहेत, फक्त आडवे. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट अमुक डॉट को डॉट इन' हे आपण डावीकडून वाचतो, कारण डोळ्यांना तीच सवय. यंत्र मात्र उजवीकडून सुरुवात करतं. 'इन' म्हणजे भारत. 'को' म्हणजे त्यातली व्यापारी मंडळी. 'अमुक' म्हणजे त्या मंडळींपैकी एक. आणि ज्याचा उच्चार करताना बातम्या सांगणाऱ्यांचीही दमछाक होते, तो तीन डब्ल्यूंचा लवाजमा म्हणजे अमुकच्या घरातली एक खोली. ती नसली तरी सहसा चालतं. खरी गंमत पुढेच आहे. 'इन'च्याही उजवीकडे आणखी एक टिंब असतं. ते कुणी लिहीत नाही, कुणी वाचत नाही, पण यंत्र ते मनातल्या मनात धरून चालतं. त्याला 'रूट' म्हणतात. जगातले सगळे पत्ते त्या न लिहिलेल्या टिंबातून फुटतात आणि त्याच्या पलीकडे काही नाही. ब्रह्मांडाची उत्पत्ती कीर्तनातून ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

हा क्रम उलटाही होऊ शकला असता, आणि एके ठिकाणी होताच. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं 'जॅनेट' नावाचं जाळं होतं. त्यांनी ठरवलं, थोरले आधी, धाकटे नंतर: आधी 'यूके', मग शिक्षणक्षेत्राचं 'एसी', मग विद्यापीठ आणि शेवटी विभाग. तर्काला धरूनच होतं ते. अडचण एवढीच, की बाकीचं जग नेमकं उलट लिहीत होतं. मधली यंत्रं दोन्हीकडची पत्रं उलटीसुलटी करून पुढे ढकलत. संगणकशास्त्र विभागाला सगळे 'सीएस' म्हणत, म्हणून ब्रिटिश पत्त्यांच्या उजव्या टोकाला 'सीएस' येई. पुढे चेकोस्लोव्हाकिया इंटरनेटवर आला आणि देश म्हणून त्याच्या वाट्याला आलेली अक्षरं निघाली नेमकी 'सीएस'. लंडनच्या प्राध्यापकाला लिहिलेलं पत्र प्रागच्या दिशेने निघण्याची उत्तम सोय झाली. हा घोळ कुणी निस्तरायच्या आत १९९३च्या १ जानेवारीला तो देशच दुभंगला. चेकांनी 'सीझेड' घेतलं, स्लोव्हाकांनी 'एसके', आणि १९९५ साली 'सीएस' यादीतून पुसलं गेलं. यथावकाश ब्रिटिशांनीही जगाचा क्रम पत्करला. काही भांडणं शहाणपणाने मिटतात, काही भांडणारे थकले म्हणून.

त्याआधी तर पत्त्यांना क्रमच नव्हता. होती ती एक यादी. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर कुठल्या संगणकाचं नाव काय आणि त्याचा क्रमांक काय, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असे. ही फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. सांभाळणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर, ज्यांना सगळे 'जेक' म्हणत. नवीन संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं. फोन केला तरी चाले, पण कॅलिफोर्नियाच्या कार्यालयीन वेळेत. मग त्या फाइलमध्ये एक ओळ वाढे आणि उरलेले सगळे संगणक ती फाइल आपापल्याकडे उतरवून घेत. जगाचं जाळं एके काळी सकाळी उघडत होतं आणि संध्याकाळी बंद होत होतं, ही गोष्ट मला फार आवडते. रात्री दोन वाजता निरोप आल्याचा आवाज ऐकून दचकणाऱ्या पिढीला त्यातलं सुख कळेल.

पण संगणक वाढत गेले, फाइल फुगत गेली, आणि एकच नाव दोघांना हवं असल्याचे प्रसंग येऊ लागले. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत काम करणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी पॉल मॉकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याला एक काम दिलं. या दुखण्यावर पाच वेगवेगळे प्रस्ताव आले होते, त्यांचा समन्वय साधून मधला मार्ग काढायचा. पाच प्रस्तावांतून मधला मार्ग काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या वेळा ठरवल्या आहेत त्यांना सांगायला नको. मॉकापेट्रिस यांनी पाचही प्रस्ताव बाजूला ठेवले आणि सहावाच लिहिला. १९८३च्या नोव्हेंबरात तो प्रसिद्ध झाला. आज आपण जी वापरतो ती 'डोमेन नेम सिस्टिम' हीच.

तिच्यातली युक्ती अशी, की सगळ्यांची यादी कुणीच ठेवायची नाही. रूटने फक्त आपल्या थेट लेकरांची माहिती ठेवावी: 'कॉम' कुठे राहतं, 'ऑर्ग' कुठे, 'इन' कुठे. 'इन'ने आपल्या लेकरांची ठेवावी. 'अमुक'ने आपल्या घरातल्या खोल्यांची. नातवंडांची चौकशी आजोबांकडे करायची नाही; ते मुलाकडे बोट दाखवतील. आपण मोबाइलवर एखादा पत्ता लिहितो तेव्हा आपल्या सेवादात्याचा संगणक आधी रूटला विचारतो. रूट म्हणतो, मला ठाऊक नाही, 'इन'वाल्यांना विचारा. 'इन' म्हणतो, मला ठाऊक नाही, 'अमुक'वाल्यांना विचारा. शेवटी अमुकवाले क्रमांक सांगतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. विचारणारा ते उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा दारं ठोठावायला नकोत. 'मला ठाऊक नाही' असं न लाजता सांगणाऱ्यांची इतकी मोठी संघटना मानवजातीने दुसरी उभारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे रस्ता विचारला की न जाणणारा आधी सांगतो, मग विचार करतो. इथे प्रत्येक जण आपल्याला ठाऊक आहे तेवढंच सांगतो आणि गप्प बसतो. चाळीस वर्षांहून जास्त काळ ही व्यवस्था चालली, त्यामागे हा गुण मोठा आहे.

आता ते मूळ टिंब. त्याची राखण करणाऱ्या सर्व्हरांना इंग्रजी 'ए'पासून 'एम'पर्यंत तेरा नावं आहेत. तेराच का, तर त्या काळी उत्तराचं पाकीट ५१२ बाइटांपेक्षा मोठं चालत नसे आणि तेवढ्यात तेरांचेच पत्ते सुखाने मावत. तेरा नावं बारा संस्था सांभाळतात. त्यात नासा आहे, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आहे, मेरिलँड विद्यापीठ आहे, आणि अमेरिकेबाहेरच्या स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्या संस्था आहेत. नावं तेरा असली तरी त्यांच्या प्रती जगभर हजाराच्या वर आहेत, आपल्या मुंबईतही आहेत. त्यामुळे 'तेरा यंत्रं बंद पाडली की इंटरनेट बंद' ही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी बातमी वाचून कुणी पाणी भरून ठेवण्याचं कारण नाही.

या टिंबाच्या खरेपणाची एक किल्ली असते, आणि त्या किल्लीचा सोहळा असतो. २०१०पासून हा सोहळा दर तिमाहीला होतो, कधी कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोला, कधी व्हर्जिनियातल्या कल्पेपरला. वेगवेगळ्या देशांतून निवडलेली विश्वासू माणसं येतात. एकामागून एक दारं, मग पिंजरा, मग तिजोऱ्या, तिजोऱ्यांत पेट्या, पेट्यांत कार्डं. प्रत्येक पाऊल आधी लिहून ठेवलेल्या संहितेनुसार टाकलं जातं, प्रत्येक पावलाला साक्षीदार सही करतात, आणि हे सगळं इंटरनेटवर थेट दाखवलं जातं. सत्यनारायणाची पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाही इतकी शिस्त पाळताना मी पाहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये एल सेगुंडोला सगळी जमवाजमव झाली आणि ऐन वेळी तिजोरीच उघडेना. कुलूप बिघडलं होतं. सोहळा पुढे ढकलला, चावीवाल्याला बोलावणं धाडलं आणि त्याने तिजोरी भोक पाडून उघडली. अब्जावधी लोकांचा विश्वास ज्या किल्लीवर टेकलेला, ती मिळवायला शेवटी ड्रिल लागलं. मला तर ही हकीकत ऐकल्यापासून त्या व्यवस्थेबद्दल जिव्हाळाच वाटू लागला.

मुळाला फुटलेले पहिले कोंब अगदी मोजके होते. माणसं जितक्या प्रकारची, तितकी कुळं, असा साधा हिशोब: व्यापाऱ्यांना 'कॉम', शिक्षणाला 'एज्यु', सरकारला 'गव्ह', लष्कराला 'मिल', जाळी चालवणाऱ्यांना 'नेट', आणि यातल्या कशातच न बसणाऱ्यांना 'ऑर्ग'. सरकार म्हणजे अमेरिकेचं आणि लष्करही तिचंच, हे वेगळं सांगायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही, आणि आजही 'गव्ह' आणि 'मिल' एकट्या अमेरिकेचेच आहेत. पाहुण्यांच्या आधी घरचे जेवायला बसले की पाटांची वाटणी अशीच होते. 'कॉम'मधलं पहिलं नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं, 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम'. मॅसॅच्युसेट्समधल्या एका संगणक कंपनीचं. त्या अख्ख्या वर्षात 'कॉम'मध्ये नावं नोंदली गेली सहा. व्यापाऱ्यांना त्यात व्यापार दिसला नव्हता. नोंदणी तेव्हा फुकट होती. १९९५च्या सप्टेंबरात दोन वर्षांना शंभर डॉलर पडू लागले आणि मग मात्र झुंबड उडाली. फुकट असताना कुणी विचारत नाही आणि तिकीट लावलं की रांग लागते, हा नियम नाट्यगृहापुरता नाही तर. आज 'कॉम'मध्ये पंधरा कोटींच्या वर नावं आहेत. सिम्बॉलिक्स कंपनी कधीच लयाला गेली. तिचं नाव मात्र २००९ साली दुसऱ्या कुणी तरी विकत घेतलं, आणि ते अजून जागेवर आहे.

दुसरी वाटणी देशांची. इथे खरा पेच होता: देश कशाला म्हणावं? या प्रश्नावर युद्धं झाली आहेत. पोस्टेल हे दाढीवाले, सँडल घालून हिंडणारे गृहस्थ; त्यांनी हा पेच ज्या सफाईने टाळला, त्याला माझा दंडवत. १९९४ साली त्यांनी लिहून टाकलं, की देश कोणता आणि कोणता नव्हे, हे ठरवणं आमचं काम नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी संकेतांची एक यादी आधीच होती, ती त्यांनी उचलली. तिच्यात असाल तर आत, नसाल तर जाऊन त्यांच्याशी भांडा. त्या यादीत ब्रिटन 'जीबी' आहे, तरी ब्रिटिश 'यूके'च वापरतात. तेवढा अपवाद जुन्या मानकऱ्याला मिळाला. नॉर्वेच्या मालकीचं बुव्हे नावाचं एक बर्फाळ बेट दक्षिण अटलांटिकमध्ये आहे. तिथे चिटपाखरूही कायमचं राहत नाही, असं म्हणवत नाही, कारण पाखरं आहेत. माणूस मात्र नाही. त्यालाही 'बीव्ही' ही अक्षरं मिळाली आहेत. वापरायला कुणी नाही, म्हणून ती तशीच पडून आहेत.

देश बुडाले तरी त्यांची अक्षरं लगेच बुडत नाहीत. सोव्हिएत संघाला १९९०च्या सप्टेंबरात 'एसयू' मिळालं आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात तो संघ उरला नाही. 'एसयू' अजून आहे. युगोस्लाव्हियाचं 'वाययू' देशामागे बरीच वर्षं रेंगाळून २०१०च्या मार्चमध्ये बंद झालं. उलट काही देश अक्षरांवर तगले. प्रशांत महासागरातल्या तुवालूची वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या थोरल्या गावाएवढी. त्याला अक्षरं आली 'टीव्ही'. दूरचित्रवाणीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि त्या पैशाच्या जोरावर २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विलाचं नशीब तर त्याहून उशिरा आणि त्याहून जोरात फळफळलं. त्याची अक्षरं 'एआय'. तीन दशकं ती निमूटपणे पडून होती. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ साली या चिमुकल्या बेटाच्या तिजोरीत सुमारे तीन कोटी वीस लाख अमेरिकी डॉलर आले, सरकारच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. बेटावरच्या कुणाच्या बुद्धीचा त्यात काही भाग नव्हता, कृत्रिमही नाही. नाव ठेवताना पत्रिका पाहावी म्हणतात ते उगाच नाही.

पण याच यादीत 'आयओ'ही आहे, आणि तिथे हसू थांबतं. ती अक्षरं ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाची, म्हणजे चागोस बेटांची. तिथल्या मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३च्या दरम्यान उठवून बाहेर घालवलं गेलं आणि दिएगो गार्सियावर लष्करी तळ झाला. संगणकवाल्यांना 'आयओ' म्हटलं की 'इनपुट-आउटपुट' आठवतं, म्हणून नव्या कंपन्यांनी ती अक्षरं मिरवली. ज्यांचा तो पत्ता होता, ते लोक त्या पत्त्यावर राहत नव्हते.

आपलं 'इन' १९८९च्या मे महिन्यात आलं आणि ते आलं मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. सिनेमावाल्यांचे बंगले पाहायला जाणाऱ्या गर्दीने या इमारतीकडे मान वळवल्याचं ऐकिवात नाही, पण पंधरा वर्षं भारताचा इंटरनेटवरचा पत्ता तिथून वाटला जात होता. वाटपही कसं, तर आपल्या पद्धतीने, वर्ग पाडून. कंपनीला 'को', पेढीला 'फर्म', संस्थेला 'ऑर्ग', विद्यापीठाला 'एसी', एकट्यादुकट्या व्यक्तीला 'इंड', आणि कुठेच बसत नसाल तर 'जेन'. कागदपत्रं जोडा, पात्रता दाखवा. २००४ अखेर जेमतेम सात हजारांच्या आसपास नावं झाली होती. २००५च्या जानेवारीत कारभार 'निक्सी' या संस्थेकडे गेला, नियम सैल झाले, कुणालाही सरळ 'इन'च्या अंगणात घर बांधता येऊ लागलं, आणि आज आकडा चाळीस लाखांच्या घरात आहे.

ऑगस्ट २०१४मध्ये 'डॉट भारत' आलं. देवनागरीतलं, हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि सिंधी यांच्यासाठी. ऊर भरून यावा असाच प्रसंग. पण या व्यवस्थेचा पाया घालताना इंग्रजी सव्वीस अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ, एवढीच शिदोरी होती. ती आजही तशीच आहे. म्हणून आपण पडद्यावर 'भारत' लिहिलं, की आत यंत्र त्याचं रूपांतर करतं: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. रूटच्या दप्तरी आपला भारत या नावाने राहतो. परदेशी गेलेल्या पुरुषोत्तमाचा 'पॅट' होतो तसंच म्हणायचं, पण पॅट निदान हाक मारण्याजोगा तरी आहे.

लांबीचाही नियम आहे. दोन टिंबांच्या मध्ये जास्तीत जास्त ६३ अक्षरं. वेल्समधल्या एका गावाचं नाव रोमन लिपीत ५८ अक्षरांचं आहे. ते या नियमात बसतं, वर पाच अक्षरं शिल्लक राहतात. आपल्याकडच्या 'श्री अमुकनाथ ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित' रोमन लिपीत जेमतेम बसते. देवनागरीत लिहून आत रूपांतर करायचं म्हटलं तर मात्र गाडी वाटेतच अडते. महाराष्ट्रातल्या सहकारी चळवळीचा विचार मॉकापेट्रिस यांनी केला नव्हता, हे उघड आहे.

पुढे २०१२ साली 'आयकॅन' या जागतिक नियामक संस्थेने दार सताड उघडलं: शेवटच्या टिंबापुढचं नावही तुमच्या मर्जीचं घ्या, फक्त अर्जासोबत एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर ठेवा. एक हजार नऊशे तीस अर्ज आले. म्हणून आज 'डॉट पिझ्झा' आहे, 'डॉट योगा' आहे आणि 'डॉट गुरु'ही आहे. वाद व्हायचे ते झालेच. अ‍ॅमेझॉन कंपनीने आपलं नाव मागितलं, तर नदीकाठचे देश उभे राहिले. ते भांडण कित्येक वर्षं चाललं. टाटांनी 'डॉट टाटा' मागितलं, तर टाटा नावाचा एक प्रांत मोरोक्कोत निघाला आणि तिथल्या सरकारने नाक मुरडलं. टाटांना 'डॉट टाटामोटर्स'वर समाधान मानावं लागलं. क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या ट्रकच्या नावावरून 'डॉट राम' मागितलं, आणि त्यावर हरकत नोंदवली भारत सरकारने.

इतक्या खटाटोपाने मिळवलेलं नाव आपलं होतं का? नाही. ते भाड्याचं असतं. एका वेळी फार तर दहा वर्षांचं भाडं भरता येतं, आणि विसरलात की गेलं. माझ्या ओळखीचे एक कवी आहेत. त्यांनी कविता लिहायच्या आधी संकेतस्थळाचं नाव घेतलं. दर वर्षी नूतनीकरणाची आठवण येते, दर वर्षी ते पैसे भरतात आणि दर वर्षी यंदा लिहायचंच असं ठरवतात. त्यांचं मी कौतुकच करतो, कारण त्यांच्यापेक्षा मोठे लोक भाडं भरायला विसरले आहेत. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट डॉट कॉम'चं नूतनीकरण विसरली आणि लोकांना हॉटमेल उघडेना. शेवटी मायकेल चेनी या गृहस्थाने आपल्या क्रेडिट कार्डावरून पस्तीस डॉलर भरले. २०१५च्या सप्टेंबरात तर कच्छच्या मांडवीचे सन्मय वेद यांना चक्क 'गूगल डॉट कॉम' बारा डॉलरला विक्रीला दिसलं. त्यांनी ते घेतलं. मालकी सुमारे मिनिटभर टिकली. मग विक्री रद्द झाली. गूगलने त्यांना बक्षीस दिलं ६,००६.१३ डॉलर. हे आकडे जरा तिरके डोळे करून पाहिले तर त्यांत गूगलचं इंग्रजी स्पेलिंग दिसतं म्हणे. वेद यांनी ती रक्कम दान करायची ठरवल्यावर कंपनीने ती दुप्पट केली.

नाव भाड्याचं असलं तरी अब्रू भाड्याची नसते, हे आपल्या न्यायालयांनी लवकर ओळखलं. 'रेडिफ'सारखं दिसणारं 'रॅडिफ' नाव कुणी तरी घेतलं, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की डोमेनचं नाव हे निव्वळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळायला हवं. २००४ साली 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तशीच वाट धरली. एका अक्षराचा फरक, आणि त्यावर उच्च न्यायालय. आपल्या कुलवृत्तांतातल्या आडनावांच्या वादांची परंपरा पाहता यात नवीन काही नाही.

एवढं सगळं पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. पत्त्याचं डावं टोक हौसेचं असतं आणि उजवं टोक सत्तेचं. डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. घराचा मालक आपल्या खोल्यांना 'राजवाडा' म्हणो की 'रिझर्व्ह बँक', त्याला अडवणारं कुणी नाही. उजवीकडे मात्र कुणाकडून तरी मागून घ्यावं लागतं, पैसे मोजावे लागतात, कधी कागदपत्रं दाखवावी लागतात. तोतये नेहमी डाव्या टोकाला नटतात, कारण आपली नजर तिथे पहिल्यांदा पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

म्हणूनच २०२५ साली रिझर्व्ह बँकेने केलेला नियम मला महत्त्वाचा वाटतो. देशातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपापली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायची होती. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते आणि ती देण्याचं काम हैदराबादच्या एकाच संस्थेकडे आहे. पण शेपटी असून उपयोग तेव्हा, जेव्हा पाहणारा शेपटीकडे पाहील. 'तुमचं खातं आज रात्री बंद होणार' असा निरोप आला आणि त्यातल्या पत्त्यात 'बँक डॉट इन' दिसलं, तरी लगेच बोट टेकवू नका. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'मागच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघेच्या अलीकडे शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असेल तर ठीक. ते मध्येच कुठे तरी असेल आणि त्याच्या पुढे 'ऑफर डॉट एक्सवायझेड'सारखं काही लटकत असेल, तर पत्र बँकेचं नव्हे. निरोप पुसून टाका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पत्ता शेवटून वाचायला शिकवा.